तळ्याचं विरजण

नागपूरच्या सभागृहात पहिल्या रांगेत बसलेल्या उन्मेष गिरिपुंजेच्या मांडीवर दोन पुष्पगुच्छ, एक शाल, एक नारळ आणि एक काचेचं स्मृतिचिन्ह होतं, आणि यातलं एकही त्याचं नव्हतं. वर व्यासपीठावर त्याच्या बायकोला, ऋजुताला, एकेक वस्तू मिळत होती आणि कार्यकर्ते ती तत्परतेने खाली आणून त्याच्या हवाली करत होते. लग्नाच्या हॉलमध्ये आहेर सांभाळायला बसवलेल्या मामासारखी त्याची अवस्था झाली होती.

"आपण?" शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी विचारलं.

"मी पण तिथेच असतो. सिंदीबोडीला. तलाव संशोधन केंद्रात."

"अच्छा! म्हणजे मॅडमचे मिस्टर!" गृहस्थांना अवघड कोडं सुटल्यासारखा आनंद झाला. उन्मेषने हसून मान डोलावली आणि नारळ या मांडीवरून त्या मांडीवर घेतला.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. उन्मेष दुष्ट नव्हता. तो पोळ्या लाटायचा, मुक्ताची, म्हणजे मुलीची, वेणी घालायचा, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा चार दिवस दवाखान्यात राहिला होता. पण ऋजुताचं नाव कोणी कौतुकाने घेतलं की त्याच्या पोटात दुखायचं. बोलण्यापुरतं नव्हे, खरोखरीचं, बेंबीच्या डाव्या अंगाला. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून काही नाही म्हणून सांगितलं होतं. डॉक्टरांना काय दिसणार होतं त्यात!

आणि दुखायला कारणही तसंच होतं. ज्या कामासाठी त्या दिवशी टाळ्या पडत होत्या, ते काम चौदा वर्षांपूर्वी त्याने सुरू केलं होतं.

सिंदीबोडीचा तलाव मालगुजारांच्या काळातला, भंडाऱ्याकडचा. चाळीस हजार वस्तीचं गाव त्याचं पाणी पितं. वर्षानुवर्षं त्यात प्लास्टिक जात राहिलं. शेतात अंथरायचा मल्चिंगचा कागद, शाम्पूच्या पुड्या, फाटकी नायलॉनची जाळी, धुण्यातून सुटणारे साड्यांचे धागे. उन्हापाण्याने त्याचे तुकडे होत होत राईहून बारीक कण झाले. ते कण नुसतेच असते तर एक वेळ चालवून घेतलं असतं. पण पाण्यात पडलेला कण नुसता राहत नाही. काही मिनिटांतच पाण्यात विरघळलेल्या पानापाचोळ्याच्या अर्काचा न दिसणारा लेप त्यावर बसतो. काही तासांत पहिले जीवाणू येऊन चिकटतात. ते अंगातून बुळबुळीत चिकटा सोडतात, त्या चिकट्यावर मागून आलेले दुसरे बसतात, त्यांच्या आधाराने तिसरे. पंधरा-वीस दिवसांत त्या एवढ्याशा कणावर गच्च वस्ती होते. या वस्तीतले रहिवासी आजूबाजूच्या पाण्यातल्या जीवाणूंपेक्षा वेगळेच असतात, आणि पुढे कोणाला जागा मिळणार आणि कोणाला नाही, हे बऱ्याच अंशी आधी कोण येऊन बसलं त्यावर ठरतं.

दाटीवाटीने राहिलं की देवाणघेवाण आलीच. जीवाणू शेजाऱ्याला आपली जनुकं देऊ शकतात, आणि त्यांत औषधाला दाद न देण्याचं कसबही असतं. दवाखान्यांच्या सांडपाण्यातून उरलंसुरलं औषध तलावात येतच होतं, त्यामुळे ज्याच्या अंगी हे कसब तोच तगायचा, आणि तरंगत्या कणांवर बसून गावभर फिरायचा. दोन हजार अडतीस साली सिंदीबोडीत जुलाबाची साथ आली ती कुठल्याच औषधाला हटेना. सव्वीस जीव गेले. त्यांत निम्मी पाच वर्षांच्या आतली मुलं होती.

कण गाळून काढणं कोणाच्या बापाला जमणारं नव्हतं. तेव्हा उन्मेषने म्हटलं होतं, "काढता येत नाहीत ना? मग त्यांच्यावर आधी आपली माणसं बसवू." म्हणजे आधीच असे सभ्य जीवाणू पाण्यात सोडायचे, की ते कणांवर पहिली जागा धरतील आणि रोगाच्या जीवाणूंना पाय ठेवू देणार नाहीत. कल्पना त्याची. शंभर टक्के त्याची. केंद्राच्या जुन्या इतिवृत्तात तारखेसकट लिहिलेली आहे, आणि ते पान कितवं आहे हे त्याला पाठ होतं.

त्याने एक जीवाणू वाढवला. नाव ठेवलं उ-सात. उ कशाचा, ते कोणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. काचेच्या बशीत त्याचे ठिपके पिकल्या आंब्याच्या रंगाचे उठायचे. एकटा असला की उ-सात प्लास्टिकवर झकास बसायचा. तलावाच्या पाण्यात, चार इतर जीवाणूंच्या संगतीत टाकला की दहा दिवसांत नाहीसा. गर्दीत तो ओळखू यावा म्हणून उन्मेषने त्याला एक खूण दिली होती: एका प्रतिजैविकाला न जुमानण्याचं जनुक. नमुना त्या औषधाच्या बशीत टाकायचा. बाकी सगळे मरतात, उरेल तो उ-सात. प्रयोगशाळेत सगळेच असं करतात. फक्त तो जीवाणू प्रयोगशाळेबाहेर जाऊ द्यायचा नसतो.

ऋजुता त्याच्याच बरोबरीची, त्याच प्रयोगशाळेत पीएच.डी. झालेली. मुक्ता सातव्या महिन्यात झाली, सतत आजारी, आणि ऋजुता आठ वर्षं घरी राहिली. नवव्या वर्षी ती उन्मेषच्याच प्रकल्पात कनिष्ठ संशोधक म्हणून रुजू झाली. अर्जावर सही उन्मेषने केली. सही करताना आपण किती मोठ्या मनाचे आहोत असं त्याला वाटलं होतं. ते वाटणं जेमतेम तीन महिने टिकलं.

तलावावर मासेमारी करणाऱ्या ढिवरांपैकी देवांगनाबाई वलथरे जाळ्याचे प्लास्टिकचे बोये पिशवीत घालून केंद्रावर आली. तिच्या सासऱ्याच्या वेळचे, वीस वर्षं पाण्यात राहिलेले. "बाई, बोये पाण्यावर तरंगाले पायजे ना? हे त बुडून राहिले," ती म्हणाली. बाकीच्यांनी तिला नवे बोये घ्यायचा सल्ला दिला. ऋजुताने त्यांच्यावरचा बुळबुळीत थर नखाने खरवडला आणि भिंगाखाली घातला.

त्यात अकरा जातींचे जीवाणू एकत्र नांदत होते. ते पाण्यातला चुना आणि गाळ धरून ठेवत, त्यामुळे प्लास्टिक जड होऊन तळाशी जाई, आणि एकदा त्यांनी जागा धरली की रोगाच्या जीवाणूंना तिथे पाय रोवता येत नसे. उन्मेषने चौदा वर्षं एकट्या शूर वीराचा शोध घेतला होता. ऋजुताने नांदतं घर उचलून आणलं.

त्या घराला सांभाळायची रीतही तिने घरचीच काढली. प्लास्टिकच्या चुऱ्याचं पाणी भरलेला ट्रे, आणि दर आठवड्याला जुन्या ट्रेमधला एक चमचा नव्यात. केंद्रात सगळे त्याला विरजणच म्हणू लागले. प्रयोगाच्या टाक्यांमध्ये महिन्याभरात शंभरातले नव्वद कण गाळात जाऊन बसले. मग वर्तमानपत्रं आली, मग मंत्री आले, मग शाल आणि नारळ.

नागपूरच्या त्या सत्काराची बातमी फेब्रुवारीत छापून आली. 'डॉ. ऋजुता यांची अभिनव कल्पना: आधी आपले जीवाणू बसवा!' उन्मेषने ती चहा पिताना वाचली. चहा तसाच राहिला.

त्याच दुपारी ऋजुता पर्स खांद्याला लावत म्हणाली, "उन्मेष, आज विरजण तू लावशील? मुक्ताच्या शाळेत पालकसभा आहे. गेल्या वेळीही मी गेले नव्हते."

"लावतो की. जा तू."

"चमचा उकळून घे हं."

"ऋजुता, मला चमचा उकळायला शिकवू नकोस."

ती हसली आणि गेली. प्रयोगशाळेत तो एकटा. त्याने चमचा उकळला, जुन्या ट्रेमधून नव्यात विरजण घातलं, झाकण ठेवलं. काम संपलं होतं. मग त्याने फ्रिज उघडला आणि मागच्या कोपऱ्यातली उ-सातची कुपी काढली.

काय होणार होतं? काही नाही. दहा दिवसांत मरेल. इतक्या वेळा मेला, आणखी एकदा मरेल. पण दहा दिवस तरी त्या ट्रेमध्ये आपलंही काही असेल. आणि चुकूनमाकून तगलाच, तर पुढे कधीतरी म्हणता येईल की... नेमकं काय म्हणता येईल, ते त्याने स्वतःलाही नीट सांगितलं नाही. त्याने एक चमचा उ-सात नव्या ट्रेमध्ये घातला, चमचा धुतला, पुसला, जागेवर ठेवला. पुढचे दोन दिवस त्याचं पोट दुखलं नाही.

मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवर गेला आणि वीज गेली ती दोन दिवस आलीच नाही. जनरेटर पहिल्याच रात्री बसला. डीप फ्रीझरमधल्या जपून ठेवलेल्या सगळ्या कुप्या, अगदी पहिल्या बोयावरच्या खरवडीच्यासुद्धा, वितळून नासल्या. ऋजुताने फ्रीझरचं दार लावलं. मग म्हणाली, "ट्रे जिवंत आहेत ना? मग झालं." तिने ट्रेमधून नव्या चाळीस कुप्या भरल्या. एकेक कुपी तिच्या हातात द्यायला उन्मेष शेजारी उभा होता. फेब्रुवारीची आठवण त्याला एकदा आली. माशी हाकलावी तशी त्याने ती हाकलली.

ऑक्टोबरात तलाव तुडुंब भरला. सोमवारी सकाळी विरजण तलावात सोडायचं ठरलं. मांडव पडला, पाहुण्यांच्या जेवणाचा बेत ठरला, आणि केंद्राचे संचालक पडोळे सर रोज नवा सदरा घालून येऊ लागले. सोडण्याआधी एक शेवटची सुरक्षा-चाचणी करायची होती. विरजणातला कोणताही जीवाणू औषधाला पुरून उरत नाही ना, हे बघायचं. ही चाचणी उन्मेषच्या विभागाकडे होती. शनिवारी सकाळी त्याने उबवणयंत्र उघडलं.

नऊ औषधांच्या नऊ बशा. आठ स्वच्छ. नवव्या बशीत पिकल्या आंब्याच्या रंगाचे चाळीस-पन्नास ठिपके.

पहिल्या क्षणी त्याला काय वाटलं असेल? भीती नव्हे. त्याला आनंद झाला. जगला! चौदा वर्षांत कुठल्याच संगतीत न टिकलेला त्याचा उ-सात ऋजुताच्या अकरा जणांत आठ महिने नांदला होता. तिच्या घराने त्याला जागा दिली होती. उन्मेषने बशी उजेडात धरली आणि बारशाच्या बाळाकडे बघावं तसा तो तिच्याकडे बघत राहिला.

मग बशीवरचं औषधाचं नाव त्याने वाचलं, आणि बशी खाली ठेवली. हे विरजण सोमवारी तलावात गेलं असतं तर औषधाला न जुमानण्याचं ते जनुक कोट्यवधी कणांवर बसून चाळीस हजार माणसांच्या हंड्यांत गेलं असतं. शेजाऱ्याला द्यायला मोकळं. अडतीस सालात मेलेल्या मुलांची नावं केंद्राच्या दारातल्या फळीवर कोरलेली होती, आणि तो रोज त्यांच्यासमोरून आत येत होता.

सोडणं थांबवायचं, यात प्रश्नच नव्हता. एवढा तो माणूस होता. पण कसं थांबवायचं? अहवालात नुसतं 'विरजणात औषधरोधी जीवाणू आढळला, चाचणी नापास' एवढं लिहिलं तरी पुरणार होतं. ते खोटंही नव्हतं. तो जीवाणू कोणाचा, हे खोदून बघायला कोण बसणार होतं? नापास म्हणजे नापास. ऋजुताची पद्धतच धोक्याची ठरली असती, प्रकल्प गुंडाळला गेला असता, आणि शाल-नारळ कपाटात धूळ खात पडले असते. हे मनात येताच उन्मेषच्या पोटाला जो आराम पडला, त्याची त्याला स्वतःलाच किळस आली. तरी त्याने अहवालाचा कागद पुढे ओढला आणि ते एक वाक्य लिहिलं. सही करायला पेन टेकवलं, तेवढ्यात ऋजुता आत आली.

"झाली का रे चाचणी?" तिने विचारलं, आणि मग तिला बशी दिसली.

तिने ती उचलून उजेडात धरली. मग खुर्ची ओढून बसली.

"माझंच चुकलं," ती म्हणाली.

"काय?"

"मे महिन्यात कुप्या भरताना. इतकी घाई केली मी. उकाडा होता, घाम टपकत होता... किंवा त्याआधी. प्लास्टिकच्या चुऱ्याच्या नव्या पोत्याची तपासणी केली नव्हती मी. केली होती का?" तिने वही उघडली, भराभर पानं उलटली. "मार्चमध्ये एकदा झाकण उघडं राहिलं होतं. उन्मेष, आठ वर्षं घरी बसलेल्या बाईने हे करायलाच नको होतं. हात बसत नाही पुन्हा. लोक म्हणत नाहीत तोंडावर, पण खरं तेच आहे."

हे वाक्य उन्मेषने कितीदा तरी मनात म्हटलं होतं. आंघोळ करताना, गाडी चालवताना, तिच्या शेजारी पडल्या पडल्या. अगदी याच शब्दांत. ते तिच्या तोंडून ऐकलं आणि त्याला तिथे बसवेना.

"तुझं नाही चुकलं," तो म्हणाला. "तो उ-सात आहे."

"कोण?"

"माझा उ-सात. रंग बघ ना. मी घातला. फेब्रुवारीत, तू पालकसभेला गेलीस त्या दिवशी."

ऋजुताने वही मिटली नाही. बोट त्याच पानावर ठेवून तिने विचारलं, "किती?"

"एक चमचा."

"नव्या ट्रेमध्ये की जुन्या?"

"नव्या."

"म्हणजे तेव्हापासूनचं सगळं गेलं. मे महिन्यातल्या चाळीस कुप्यांसकट." तिने आधी हिशेब पुरा केला. मग त्याच्याकडे बघितलं. "का?"

"मला सहन होत नव्हतं."

"काय सहन होत नव्हतं?"

"तू. म्हणजे तुझं हे सगळं. कल्पना माझी होती, ऋजुता. चौदा वर्षं मी घासली, आणि तू आलीस आणि एका बोयावरून नख फिरवलंस. मला तुझा हेवा वाटायचा. अजूनही वाटतो. आत्ता, इथे बसल्या बसल्यासुद्धा वाटतो आहे."

ती रडेल, ओरडेल, बशी फेकेल, असं त्याला वाटलं होतं. तिने त्याच्यापुढचा अर्धवट लिहिलेला कागद उचलला, वाचला आणि परत ठेवला. "पुरं लिही," ती म्हणाली.

त्याने पुरं लिहिलं. तारीख, वेळ, चमचा, सगळं. पडोळे सरांनी तो कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "गिरिपुंजे, अरे बापा, हे काय करून ठेवलंस!" मग त्यांनी मांडववाल्याला फोन लावला.

संध्याकाळी साडेपाचला सगळे ट्रे उकळून झाले. रिकाम्या ट्रेंच्या ढिगाकडे बघत उन्मेष म्हणाला, "संपलं. आता पहिली खरवडही नाही. ते बोये तर तू चाचणीसाठी दळून टाकलेस."

ऋजुताने स्कूटरची किल्ली घेतली. "चल," ती म्हणाली.

"कुठे?"

तिने स्कूटर सुरू केली. तलावाच्या बांधावरून स्कूटर ढिवरांच्या वस्तीत शिरली आणि देवांगनाबाईच्या अंगणात थांबली. देवांगनाबाई तुळशीपुढे दिवा लावून नुकतीच उठत होती. अंगणाच्या कोपऱ्यात, सावलीला, एक पसरट मातीचं घमेलं होतं. त्यावर फडकं, फडक्यावर विटेचा तुकडा. ऋजुताने फडकं बाजूला केलं. आत तलावाच्या पाण्यात बोयाचे कातरलेले तुकडे तळाशी बसले होते. त्यांच्यावर तोच करडा, बुळबुळीत थर.

"कधीपासून?" उन्मेषने विचारलं.

"मांगच्या जानेवारीपासून," देवांगनाबाईच म्हणाली. "बाईनं सांगतलं होतं, घरचं विरजण कधी बिघडलं त शेजारून आणाव लागते, म्हणून एक वाटी तुमच्या घरी ठेवा. दर बुधवारी, बाजाराच्या दिवशी बदलतो मी. एक खेप नाई चुकली." तिच्या आवाजात अभिमान होता. मग ती सहज म्हणाली, "तुमाले सांगाले मना केलं होतं न बाईनं. म्हणून मी चूप. नाईतर साहेब, तुमाले तवाच दाखवलं असतं."

ऋजुता घमेल्यावर फडकं नीट करत राहिली.

"देवांगनाबाई, यातलं थोडं द्या," ती म्हणाली. "कुपी आणली आहे मी."

"आता?" देवांगनाबाईने तुळशीतल्या दिव्याकडे हात केला. "आता त दिवे लागले. दिवे लागल्यावर विरजण कोणी देते का, बाई? उद्या सकारी या."

"अहो, हे दह्याचं थोडंच आहे!"

"तुमीच त विरजण म्हणता. सकारी या, मोठी वाटी भरून देतो."

ऋजुता एरवी तासभर वाद घालणारी. पण तिने मान हलवली आणि रिकामी कुपी पर्समध्ये टाकली. परतताना स्कूटर उन्मेषने चालवली. बांधाच्या मध्यावर त्याने विचारलं, "मला का सांगितलं नव्हतंस?"

"संशय नव्हता तुझ्यावर," मागून ऋजुता म्हणाली. "असं काही करशील असं स्वप्नातही आलं नाही. पण तू ट्रेकडे बघायचास ना, ते मला दिसायचं. मुक्ताला पहिला नंबर मिळाला की शेजारच्या काकू बघतात तसा. मे महिन्यात सगळं नासलं तेव्हा तोंडावर आलं होतं सांगायचं. पण ट्रे जिवंत होते, म्हटलं गरज काय. मग राहिलंच."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"तुझ्या पोटाचं दुखणं डॉक्टरांना कळलं नाही, उन्मेष. मला कळत होतं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "सावकाश चालव. खड्डा आहे."

चौकशी झाली. उन्मेषचं संशोधनाचं पद गेलं आणि त्याला नळाच्या पाण्याचे नमुने गोळा करण्याच्या कामावर टाकलं. रोज वीस गल्ल्या, वीस बाटल्या. घर मोडलं नाही. मुक्ताची वेणी तो अजूनही घालत होता आणि ऋजुता त्याने केलेल्या पोळ्या खात होती. मात्र प्रयोगशाळेतल्या गोष्टी ती आता जेवताना काढत नसे, आणि तोही विचारत नसे.

घमेल्यातल्या विरजणाने वर्षभरात पुन्हा तीस ट्रे भरले. या खेपेला नऊही बशा तीन-तीनदा स्वच्छ निघाल्या. पुढच्या ऑक्टोबरात, सकाळी आठ वाजता, बांधावर पुन्हा मांडव पडला.

होडीत ऋजुता, पडोळे सर, मंत्री आणि देवांगनाबाई बसले. होडीत चढताना ऋजुताने चपला काढून उन्मेषच्या हातात दिल्या. देवांगनाबाईनेही दिल्या. चार चपला घेऊन तो काठावर उभा राहिला. शेजारी एक तरुण पत्रकार होती. "सर, आपण?" तिने विचारलं.

"मी चपला सांभाळतोय," उन्मेष म्हणाला. तिने हसून कॅमेरा होडीकडे वळवला.

पहिला ट्रे ऋजुता ओतेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तिने तो देवांगनाबाईच्या हातात दिला. देवांगनाबाईने पदर खोचला, ट्रे कलता केला, आणि करडं पाणी तलावात मिसळून गेलं. काठावरून टाळ्या पडल्या. उन्मेषने कान देऊन पोटाची वाट पाहिली. टाळ्यांनी काही दुखलं नाही. मंत्र्यांनी ऋजुताला शाल घातली, तेव्हाही नाही.

होडी काठाला लागली. देवांगनाबाई उतरली, ओले पाय झटकले आणि म्हणाली, "बाई, आता त झालं. आता एक वाटी तुमच्या घरी नेऊन ठेवा. साहेब घरीच रायते संध्याकारी, थे बदलतीन दर बुधवारी. हो न, साहेब?"

उन्मेषने ऋजुताकडे बघितलं. त्याला हो म्हणायचं होतं. एक घमेलं, एक फडकं, विटेचा एक तुकडा. दर बुधवारी. एक खेप चुकवली नसती त्याने.

ऋजुताने त्याच्याकडे बघितलं. राग नव्हता तिच्या नजरेत. तिने खरंच विचार केला, हे त्याला दिसलं.

"राहू दे, देवांगनाबाई," ती म्हणाली. "तुमच्याकडेच बरं आहे."

बेंबीच्या डाव्या अंगाला कळ उठली ती थेट छातीपर्यंत गेली. साठीची, पाचवी शिकलेली, पदराने हात पुसत उभी असलेली ती बाई; आयुष्यात इतका हेवा त्याला कोणाचाच वाटला नव्हता. उन्मेषने मान डोलावली, खाली वाकला आणि दोघींच्या चपला त्यांच्या पायांपुढे नीट मांडून ठेवल्या.